पुण्यात पाच वर्षं तयारी करणाऱ्या मुलाला परत बोलवावं की अजून एक संधी द्यावी?

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा २७ वर्षांचा, बी.एस्सी. ॲग्री झालेला. पाच वर्षांपासून पुण्यात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो. एकदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्यला राहिला. त्यानंतर दोन वेळा पूर्वलाच अडकला. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. महिन्याला पैसे पाठवावे लागतात, त्यासाठी सोसायटीचं आणि एका पाहुण्याचं कर्ज झालंय. दोन दिवाळ्या झाल्या, तो गावी आलेला नाही. फोन उचलतो, पण "हो, बरं, ठेवतो" एवढंच बोलतो. मध्ये एक स्थळ आलं होतं, "नोकरी लागू द्या, मग बघू" म्हणून परत गेलं. धाकटी मुलगी २१ वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिचं या उन्हाळ्यात उरकून टाकायचा विचार आहे. भावकीत रोज कुणीतरी विचारतं, "पोरगं काय म्हणतंय?" वडिलांना जाणून घ्यायचंय: त्याला परत बोलावू की अजून एक वर्ष देऊ?

दादा, नमस्कार. मी पुण्यात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसोबत समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यातल्या अभ्यासिकांमधून ही मुलं येतात. ती बोलायला लागली की अभ्यासाचा विषय दहा मिनिटांत संपतो आणि उरलेला वेळ घराबद्दल जातो. "वडलांना आता काय सांगू?" "आई शेजारच्यांना काय सांगत असेल?" "बहिणीच्या लग्नात कुणी विचारलं तर?" तुमचा मुलगा दिवाळीला येत नाही याचा अर्थ त्याला घर नकोसं झालंय असा घेऊ नका. एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंत जी दहा माणसं भेटतील त्यांना तोंड देण्याचं बळ त्याच्यात उरलेलं नाही.

त्याला बोलावू की ठेवू, हे नंतर ठरवा. त्याच्या परीक्षेवर आज घराची इज्जत टांगलेली आहे, ती आधी खाली उतरवा. हे काम मी करू शकत नाही, त्याचे मित्र करू शकत नाहीत, तो स्वतः तर मुळीच करू शकत नाही. ते फक्त तुम्हाला आणि त्याच्या आईला जमेल. पुढचं सगळं उत्तर याच कामाबद्दल आहे.

पण त्याच्याही आधी, या आठवड्यातच, पुण्याला जाऊन या.

तपासणीला आल्यासारखे जाऊ नका. आदल्या दिवशी फोन करून सांगा, "उद्या येतोय, तुला बघावंसं वाटलं." शक्य असेल तर त्याच्या आईला सोबत न्या. तो जिथं जेवतो त्या मेसमध्ये त्याच्यासोबत जेवा, तो जिथं कॉट बेसिसवर, म्हणजे चार जणांत एक कॉट भाड्यानं घेऊन, राहतो ती खोली बघा, आणि अभ्यासाचा विषय तुम्ही होऊन काढू नका. त्याचं वजन उतरलंय का, रात्री झोपतो की पहाटेपर्यंत मोबाईल चाळत जागा राहतो, अंघोळ-जेवण वेळेवर आहे का, मित्र उरलेत का, हे नुसतं बघितलं तरी पुष्कळ कळतं. अभ्यासिकेत बारा तास बसून एकही पान न वाचणारी मुलं मी बघितली आहेत. त्यांना कुणी आळशी म्हटलं की मला फार वाईट वाटतं, कारण ती आजारी असतात. मन नैराश्यात गेलं की लक्ष लागत नाही. लक्ष लागत नाही म्हणून पेपर जातो, आणि पेपर गेला की नैराश्य वाढतं.

त्याच्या बोलण्यात "माझ्यामुळं तुमचं वाटोळं झालं", "मी नसतो तर बरं झालं असतं", "आता कशातच अर्थ नाही" अशी वाक्यं आली, किंवा तो आपली पुस्तकं आणि सामान वाटून टाकतोय असं दिसलं, तर ते मनावर घ्या. त्याला सरळ विचारा, "बाळा, जिवाचं काही बरं-वाईट करून घ्यायचा विचार येतो का तुझ्या मनात?" असं विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं मुलाला उलट मोकळं वाटतं, कारण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नेमकं तेच विचारलेलं असतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, घाबरून ओरडू नका, शपथा घालू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. तो घरी आला तर फवारणीची औषधं कुलूपबंद ठेवा, किल्ली तुमच्याजवळ ठेवा. हे वाचताना अंगावर काटा येईल, पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. ज्या घरात कीटकनाशकाची बाटली खाटेखाली असते, तिथं वाईट क्षण आणि वाईट कृती यांत अंतरच राहत नाही. कुलूप लावलं की ते अंतर तयार होतं, आणि बऱ्याचदा तेवढ्या वेळात तो क्षण निघून जातो.

असं काही नसेल तर देवाचे आभार माना. मग आपण पुढचं बोलू.

हे ओझं इतकं जड कसं झालं ते एकदा नीट आठवून बघा. मुलगा पुण्याला निघाला तेव्हा गावात काय बोललं गेलं? बहुतेक घरांत "पोरगं तहसीलदार होणार" असंच बोललं जातं. मग शेजारच्या गावातला कुणी पीएसआय झाला की हलगी लावून मिरवणूक निघते, जेसीबीतून गुलाल उधळतात, चौकात वीस फुटांचा बॅनर लागतो. त्या मुलाचा आनंद खरा आहे आणि त्याच्या कष्टाचं मोल मी अजिबात कमी करत नाही. पण त्या बॅनरचा फोटो तासाभरात पुण्यातल्या प्रत्येक खोलीत मोबाईलवर पोचतो. तुमच्या मुलालाही तो फोटो कुणीतरी पाठवलेला असतो, खाली लिहिलेलं असतं, "भावा, पुढचा नंबर तुझा." पाठवणारा प्रेमानं पाठवतो. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

त्यात क्लासवाल्यांचे मेळावे. निवड झालेला अधिकारी स्टेजवर येतो आणि सांगतो की मी सहा वेळा नापास झालो, घरात खायला नव्हतं, पण हार मानली नाही. टाळ्या पडतात. सहा वेळा नापास होऊन सातव्यांदाही नापास झालेली शेकडो मुलं खाली खुर्चीत बसलेली असतात, त्यांना कुणी स्टेजवर बोलवत नाही. म्हणून मुलांच्या मनात पक्कं बसतं की जो थांबला तो भेकड. जागांचं गणित वेगळंच काही सांगतं. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज होते. राज्यसेवेच्या जागा तर काही शेकड्यांत मोजायच्या. अशा ठिकाणी हुशार, कष्टाळू, प्रामाणिक मुलांपैकी बहुतेकांची निवड होणार नाही, हे आधीच ठरलेलं असतं. त्यात त्यांच्या लायकीचा निकाल लागत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी, कारण "पाच वर्षं काय करतोय?" हा प्रश्न तुम्हाला रोज टोचत असणार. या पाचांतली सगळी वर्षं त्यानं घालवलेली नाहीत. २०२० च्या एप्रिलमध्ये ठरलेली राज्यसेवेची पूर्व परीक्षा कोरोनामुळं आणि नंतरच्या निर्णयांमुळं ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. त्याआधी ती अगदी तोंडावर आल्यावर पुन्हा पुढं ढकलली तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचा निर्णय झाला, तो २०२३ पासून लागू होणार म्हणाले, मुलांनी आंदोलन केलं, मग २०२५ वर गेला. म्हणजे आधी पर्याय निवडायचा सराव, मग लांब उत्तरं लिहायचा सराव, मग पुन्हा आधीचाच. २०२४ ची पूर्व परीक्षा २८ एप्रिलला होती ती अखेर १ डिसेंबरला झाली. त्यात ऑगस्टमधलं आंदोलन तर कृषी सेवेच्या २५८ जागा त्याच परीक्षेत घ्याव्यात यासाठीही होतं, म्हणजे तुमच्या मुलासारख्या ॲग्री झालेल्यांच्या हक्काचं. तारीख पुढं गेली की खोलीचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी काही थांबत नाही. मुलगा ते पैसे तुमच्याकडं मागतो तेव्हा प्रत्येक वेळी त्याची मान आणखी खाली जाते. पुढच्या फोनवर त्याला एवढंच म्हणा, "तारखा किती वेळा बदलल्या ते मला कळलंय. सगळा दोष तुझा नाही." हे वाक्य आपल्या बापाच्या तोंडून ऐकण्यासाठी मुलं किती आसुसलेली असतात, ते मी रोज बघते.

लग्नाचं ओझं यात मिसळलं की अवघड होतं. तुम्ही लिहिलंय की स्थळ परत गेलं. हे तुमच्या एकट्याच्या घरी घडलेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. लोक हसले. मला मात्र त्यात फार मोठं दुःख दिसलं. शेती करणाऱ्याला मुलगी मिळत नाही, खासगी नोकरीवाल्याला "पगार किती, फ्लॅट आहे का" विचारतात, म्हणून प्रत्येक मुलाला वाटतं की सरकारी नोकरी हाच लग्नाचा परवाना. याच्या मुळाशी आपणच केलेलं एक पाप आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या, आणि आपल्या बीड जिल्ह्यात फक्त ८०७. त्या वर्षी जी मुलं तीन-चार वर्षांची होती, ती आता वयात आली आहेत. पुढची काही वर्षं हे अधिकच कठीण होत जाणार. तुमच्या मुलाचं लग्न जमत नाही याला तो जबाबदार नाही, आणि पोस्ट निघाली तर सगळं आपोआप सुटेल असंही नाही. परीक्षा आणि लग्न यांची गाठ तुम्ही घरात तरी सोडवा. बायोडाटावर "क्लास वनची तयारी सुरू" असं लिहू नका. "कृषी पदवीधर" असं लिहा, ते खरं आहे आणि कमीपणाचं नाही. त्याला विचारल्याशिवाय कुणाला स्थळ बघायला सांगू नका. पोस्ट निघाल्यावर मोठ्या घरची मुलगी आणि हुंडा मिळेल असं कुणी पाहुणा त्याच्यासमोर बोलत असेल तर तिथंच थांबवा. ते बोलणं बेकायदा तर आहेच, शिवाय मुलाला आपण बाजारात उभे आहोत असं वाटायला लावतं.

आता पैशाबद्दल. हा विषय घराघरात सगळ्यात जास्त लपवला जातो, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त इजा त्यानंच होते.

बहुतेक आई-बाप मुलाला सांगतात, "पैशाची काळजी करू नको, तू फक्त अभ्यास कर." सांगताना मनात माया असते. पण मुलाला दिसत असतं की गोठ्यात एक बैल कमी झालाय, आईच्या गळ्यातली पोत दिसत नाही, फोनवर बापाचा आवाज थकलाय. आकडा कुणी सांगत नाही, म्हणून तो मनातल्या मनात आकडा लावतो, आणि मनातला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो. मग एक दिवस तो ठरवतो की एवढं फेडायचं तर पोस्ट काढल्याशिवाय गत्यंतर नाही. जुगारात हरणारा माणूस जसा वसूल करण्यासाठी आणखी खेळत जातो, तसा तो आणखी एक वर्ष, आणखी एक टेस्ट सिरीज करत राहतो. स्वतःच्या इच्छेनं केव्हा थांबायचं हे ठरवण्याची मोकळीक त्याला उरत नाही.

म्हणून पुण्यात किंवा घरी, शांतपणे बसून वहीत खरे आकडे लिहा. सोसायटीचं किती, पाहुण्याचं किती, त्यातलं शिक्षणासाठी किती आणि शेतीसाठी किती. शेतीसाठी काढलेलं कर्ज त्याच्या माथी मारू नका. सोयाबीनचा भाव पडला त्यात त्याचा काय दोष? पुण्यात आज खोली, मेस आणि अभ्यासिका धरून काटकसरीनं राहणाऱ्यालाही महिन्याला दहा-बारा हजार लागतात, तेही लिहा. मग त्याला सांगा, "आम्ही अजून इतके महिने, इतके रुपये देऊ शकतो. त्याच्यापुढं आमची ताकद नाही. हे मी रागावून सांगत नाही, आपण दोघांनी मिळून हिशेब केलाय." जमीन विकायचा विषय असेल तर माझं मत स्पष्ट आहे: विकू नका, गहाणही टाकू नका. जमीन गेली की त्याला परतायला जागा राहत नाही, आणि आयुष्यभर तो स्वतःला माफ करत नाही. पास झाला तरी नाही.

पैशाची मर्यादा कळली की तारखेचं बोलता येतं. इथं मी तुम्हाला जरा वेगळं सुचवते. "एक वर्ष" असं म्हणू नका. वर्ष म्हणजे कॅलेंडरचं की आयोगाच्या वेळापत्रकाचं, यावरून पुढं भांडण होतं. त्याऐवजी परीक्षेला धरून ठरवा: येणारी पूर्व, आणि ती निघाली तर तिची मुख्य. त्यानंतर पुण्यातला पूर्णवेळ मुक्काम संपला. तारीख पुढं गेली तर पैसे किती महिने देणार, तेही आत्ताच ठरवा. हा निर्णय निकालाच्या दिवशी कधीही घेऊ नका. निकालाच्या रात्री फक्त "जेवलास का" एवढंच विचारायचं असतं.

ठरवण्याआधी त्याच्याकडून एक माहिती मात्र घ्या: गेल्या प्रत्येक पूर्वला त्याला किती मार्क पडले आणि कट ऑफ, म्हणजे पुढं जायला लागणारे किमान मार्क, किती होता. त्याला ते तोंडपाठ असणार. दोन-चार मार्कांनी हुकलेला मुलगा आणि तीस-चाळीस मार्कांनी मागं राहणारा मुलगा यांना सारखाच सल्ला देता येत नाही. तुमच्या मुलानं एकदा मुख्य दिलेली आहे, म्हणजे कुवत निश्चित आहे. पण त्यानंतर दोनदा पूर्वला अडकला, तेव्हा हे मार्क वर जाताहेत की खाली, हे बघायलाच हवं. खाली जात असतील तर तो थकलाय. थकलेल्याला तीन महिने घरी आणून, शेतात राबवून नव्हे तर नीट झोपवून-खाऊ घालून, मग पुन्हा विचार करायला सांगणं हेच शहाणपण. मार्क वर जात असतील आणि फरक थोडा असेल तर येणारी परीक्षा त्याला शांत मनानं देऊ द्या.

आणि आजपासूनच, निकालाची वाट न बघता, दुसरी वाट सुरू व्हायला हवी. घरोघरी मुलाला दुसऱ्या वाटेबद्दल सांगितलं जातं ते तो हरल्यावर, म्हणून ती वाट त्याला शिक्षेसारखी वाटते. परीक्षेची तयारी चालू असतानाच ती दिसली पाहिजे. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळं मुलांना वाटतं भरपूर वेळ आहे. पण बँकांमध्ये कृषी क्षेत्र अधिकाऱ्यांची भरती आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत होते, तिथं खुल्या गटाला वयाची अट ३० पर्यंतच आहे. तुमचा मुलगा २७ चा आहे. ॲग्रीच्या पदवीचा तिथं सरळ उपयोग आहे आणि राज्यसेवेचा अभ्यास वाया जात नाही. कृषी विभागातल्या सरळसेवेच्या जागा आहेत. बियाणं, खतं, ठिबक यांच्या कंपन्यांना गावोगाव फिरणारी ॲग्रीची मुलं लागतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशेब आणि बाजार कळणारी माणसं मिळत नाहीत. कृषी सेवा केंद्राच्या परवान्यासाठी कृषी शिक्षण लागतं, ते त्याच्याकडं आहे. मात्र कर्ज काढून दुकान टाकायची घाई करू नका, आधी दुसऱ्याच्या दुकानात सहा महिने बसू द्या. पुण्यात असतानाच अर्धवेळ काम करणारी मुलं माझ्याकडं येतात, आणि बहुतेकांचा अभ्यास त्यामुळं सुधारतो, कारण स्वतःच्या मेसचे पैसे स्वतः दिले की मान वर होते. पाच वर्षांचा खंड नोकरीच्या मुलाखतीत कसा सांगायचा याची त्याला भीती असेल. खरं सांगायचं: राज्यसेवा देत होतो, मुख्यपर्यंत गेलो, त्यातून इतिहास, अर्थव्यवस्था, कायदा, लिहिणं शिकलो. खोटं सर्टिफिकेट जोडायचा सल्ला कुणी दिला तर धुडकावून लावा.

भावकीचं काय? हे तुमचं काम आहे, त्याचं नाही. आज लोक त्याला विचारतात कारण तुम्ही गप्प राहता किंवा "होईल की यंदा" म्हणता. "यंदा होईल" असं म्हटलं की विचारणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचा हक्क मिळतो. त्याऐवजी पारावर, चार लोकांत, एकदा ठामपणे सांगा: "परीक्षा दिल्या, मुख्यपर्यंत गेला. निवड झाली तर झाली, नाही तर दुसरं काम करील. माझं पोरगं हुशार आणि प्रामाणिक आहे, मला त्याचा अभिमान आहे." पुढचं बोलणं पावसावर न्या. दोन-तीनदा असं सांगितलं की विचारणं कमी होतं. गावाला ज्या जागी दुखतं तिथंच बोट लावायची सवय असते. हे त्याच्या समोर बोलायची संधी मिळाली तर सोडू नका, एखाद्या लग्नात, सप्त्याच्या पंगतीत. बापानं लोकांसमोर पाठीशी उभं राहणं हे मुलगा विसरत नाही. त्याच्या आईलाही यात सोबत घ्या. बायका-बायकांत तिला जे ऐकावं लागतं ते तुमच्या कानापर्यंत येतच नाही, आणि ती रडते ती फक्त मुलासाठी नव्हे, त्या टोमण्यांसाठीही.

तो घरी आला तर पहिल्या दोन दिवसांत परीक्षेचा, लग्नाचा, पैशाचा विषय नको. पाहुण्यांना भेटवायला नेऊ नका. त्याला शेतात यायचं असेल तर येऊ द्या, पण "आता हेच कर" असं म्हणू नका. शेतीला हरलेल्याचं काम करून टाकलं की शेतीचाही अपमान होतो आणि त्याचाही.

आता तुमच्या मुलीबद्दल, कारण तिच्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीय आणि मला ती ओळ वाचून राहवलं नाही. मुलाला पाच वर्षं, पुणं आणि कर्ज. मुलीला पदवी संपायच्या आत लग्न. माझ्याकडं येणाऱ्या मुलींची कहाणी बहुतेक अशीच असते: "पप्पांनी दोन वर्षं दिलीत, नाही झालं तर लग्न." दोन वर्षांत आयोगाची एक परीक्षासुद्धा जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत पूर्ण होईलच असं नाही. त्या मुली डोक्यावर तलवार घेऊन अभ्यास करतात. तुमच्या मुलीला तर तेवढंही मिळत नाहीये, आणि ती काही बोलत नाही कारण घरात दादाचं टेन्शन आहे हे तिला दिसतंय. घरातल्या ताणाची किंमत गप्प बसणारं मूल आधी मोजतं.

मुलाचं लग्न अडलं म्हणून मुलीचं तरी उरकू, म्हणजे भावकीत एक तोंड बंद होईल, असा विचार मनात आला असेल तर तो मी समजू शकते. पण मग भावाच्या अपयशाची भरपाई बहिणीनं केल्यासारखं होईल आणि दोघांनाही ते आयुष्यभर माहीत असेल. मुलाला तर ते सर्वांत जास्त लागेल. तिला काय हवंय ते आधी विचारा: पुढं एम.एस्सी., बी.एड., नोकरी, की खरंच लग्न. तिनं लग्न म्हटलं तर तिच्या पसंतीनं, तिच्या सवडीनं करा. तिनं शिकायचं म्हटलं तर वहीत जे आकडे लिहिणार आहात त्यात तिच्या नावाचाही रकाना असू द्या. उन्हाळ्यातल्या स्थळाला तोवर होकार कळवू नका. पुण्याला जाताना तिलाही सोबत न्यायला जमलं तर न्या. भावाशी ती जे बोलू शकेल ते तुम्ही आणि मी दोघंही बोलू शकणार नाही. परत आल्यावर तो काय म्हणाला, मार्कांचं काय कळलं ते मला लिहा, म्हणजे त्याच्या तारखेचं आपल्याला नक्की ठरवता येईल.